तेके-कोलची लाल रेघ

१

सोमवारी सकाळी एर्मेकने कार्यालयातले बुजुर्ग नकाशाकार तोलोगोन अके यांचा नकाशा छापण्यासाठी सर्व्हरवरून उघडला आणि त्याच्या तोंडून घोडेवाल्यांची एक शिवी बाहेर पडली.

"सिरगा! इकडे ये. हे बघ काय झालंय."

सिरगा धावत आली. तेके-कोल सरोवराचा बर्फाचा बांध फुटला तर पाणी कुठवर येईल, ते दाखवणारी लाल रेघ नकाशावर होती. पण ती वरच, लाकडी पुलापाशी थांबली होती.

"गुरुवारी अकेंनी मला स्वतः दाखवला होता," एर्मेक म्हणाला. "रेघ ताशबुलाकच्या कुरणाच्या पार खाली गेली होती. कुरणावर उन्हाळ्याचे सगळे यर्टचे तंबू लागलेत. लेकरंबाळं आहेत तिथे!"

तोलोगोन अके शुक्रवारीच सरोवरावर गेले होते. तिथे फोन लागत नाही. आपत्ती खात्याच्या मेजर ओरोझोवा संचालकांबरोबर राजधानीहून नुकत्याच आल्या होत्या, आणि दुपारच्या बैठकीत कुरण रिकामं करायचं की नाही ते त्या ठरवणार होत्या, तेही याच नकाशावरून.

संचालक शार्शेन आवाज ऐकून आले. नकाशा पाहिला, एर्मेककडे पाहिलं आणि शेवटी सिरगावर घसरले.

"तुझं ते फिरतं प्रोफाइल! महिनाभर झाला नाही बसवून, आणि लागलं गुण उधळायला."

कार्यालयातली ही नवी व्यवस्था सिरगाने एकटीने उभी केली होती. आधी प्रत्येकाचं काम त्याच्या त्याच्या संगणकात अडकलेलं असे. एक यंत्र बंद पडलं की तो माणूस दिवसभर चहा पीत बसायचा. आता माणूस कुठल्याही संगणकावर बसो, नाव आणि पासवर्ड टाकला की त्याची सगळी चूल तिथे मांडली जाई. त्याच्या फायली, त्याचं चित्र, त्याच्या सवयी, सगळं सर्व्हरवरून खाली येई. उठताना जे बदललं असेल ते पुन्हा सर्व्हरवर जाई. एर्मेक म्हणायचा, "यर्ट घोड्यावर लादून हिंडल्यासारखं आहे हे."

"माझी व्यवस्था फाइल हरवू शकते, साहेब," सिरगा म्हणाली. "पण रेघ पुसून दुसरी काढू शकत नाही. तिला चित्रकला येत नाही."

"जास्त बोलू नकोस. नव्या व्यवस्थेत गोंधळ झाला असं लिहून सही कर. मेजरना तेच सांगू. आहे तो नकाशा लावू आणि मोकळे होऊ."

"सही करणार नाही."

"मग नोकरी कर दुसरीकडे!"

उपसंचालक कुबात दारात उभे होते. शांत, पांढऱ्या दाढीचे, उजवा हात नेहमीसारखा कोटाच्या खिशात. त्यांनी मध्ये पडून संचालकांना शांत केलं.

"पोरीवर कशाला ओरडतोस, शार्शेन? यंत्र आहे, चुकतं." मग ते सिरगाकडे वळले. "कीझिम, पोरी, तू असं कर. तोलोगोनच्या खोलीत जा, त्याचा संगणक लाव, त्याच्या नावाने आत शिर. कदाचित तिथे असेल बरोबर नकाशा."

सिरगाला ते पटलं. तोलोगोन अकेंचा पासवर्ड म्हणजे त्यांच्या कुत्र्याचं नाव. तो टाइप करताना ते स्वतःच इतक्या मोठ्याने म्हणत की अख्ख्या कार्यालयाला पाठ झाला होता. 'हे बदला अके,' असं ती कितीदा सांगून थकली होती.

तिने संगणक लावला. नाव लिहिलं, पासवर्ड लिहिला. आता फक्त शेवटची कळ दाबायची.

आणि तिच्या अंगावर सर्रकन काटा आला. तिने कळीवरचं बोट निखाऱ्यावरून उचलावं तसं उचललं.

२

"काय झालं?" मागे उभ्या असलेल्या एर्मेकने विचारलं.

"वायर! भिंतीतली निळी वायर उपट!"

"कुठली?"

ती सांगत बसली नाही. टेबलाखाली वाकून स्वतःच ती वायर ओढून काढली, आणि मग जमिनीवर बसूनच श्वास घेतला.

"मी ही कळ दाबली असती ना एर्मेक, तर सर्व्हरवरची बिघडलेली प्रत या संगणकात उतरली असती. इथली जुनी प्रत तिच्याखाली गाडली गेली असती. माझ्याच हाताने."

"म्हणजे इथे जुनी प्रत आहे?"

"असायला हवी. माणूस उठून गेला तरी त्याच्या सामानाची एक नक्कल त्या यंत्रात मागे राहते. पुढच्या वेळी सर्व्हरकडे ताजं काही असेल तर ते घेतं. पण सर्व्हर भेटलाच नाही, तर बिचारं आपल्याकडचंच काढून देतं." तिने वायर हातात गुंडाळली. "आता दाब कळ."

एर्मेक डावखुरा. त्याने डावा हात पुढे केला, कळ दाबली. थोड्या वेळाने पडद्यावर तोलोगोन अकेंच्या राखाडी कुत्र्याचं चित्र आलं. जीभ बाहेर काढून बसलेला.

नकाशा उघडला.

लाल रेघ पुलाला ओलांडून, कुरणावरून, नदीच्या वळणापर्यंत लांबच लांब उतरली होती.

एर्मेकने आनंदाने टेबलावर थाप मारली. तोच मागून संचालकांचा आवाज आला. ते कधी येऊन उभे राहिले, दोघांना कळलंच नव्हतं.

"छान. म्हणजे दोन नकाशे झाले. आणि हा जुना, तो नंतरचा. म्हाताऱ्याने जाता जाता स्वतःच चूक सुधारली असेल. बरोबर ना? मग खोटं कोण बोलतंय, एर्मेक? तू आणि तो नकाशातल्या सावल्यांच्या रंगावरून भांडला होतात, ते मला ठाऊक आहे."

एर्मेकचा चेहरा पांढरा पडला.

"सिद्ध कर," संचालक सिरगाला म्हणाले. "बैठकीआधी. नाहीतर सही."

३

सर्व्हर एवढंच सांगत होता की शेवटची प्रत सभागृहातल्या संगणकावरून आली. कधी, ते विचारण्यात अर्थ नव्हता. मध्ये वीज गेली तेव्हापासून सर्व्हरचं घड्याळ वेड लागल्यासारखं धावत होतं. आठवड्याची राखीव प्रत नकाशा पुरा होण्याआधीची होती. आणि सभागृह काय, सगळ्यांसाठी उघडं. शनिवारीसुद्धा चावी दारामागच्या खिळ्याला.

सिरगा आधी संचालकांकडे गेली. ते खरंच शनिवार-रविवार मेजरांबरोबर राजधानीत होते. मेजर ओरोझोवा स्वतःच म्हणाल्या, "हा माणूस माझ्यासमोरून हलला नाही. मला उलट कंटाळा आला."

"शनिवारी इथे कोण होतं, एर्मेक?"

"मी होतो. दुपारपर्यंत." तो जमिनीकडे बघत होता. "मला माहीत आहे ते कसं दिसतं. पण मीच बदलला असता तर सकाळी मीच कशाला बोंब मारली असती?"

"संशय जावा म्हणून, असं म्हणतील लोक."

"तू काय म्हणतेस?"

"मी अजून काही म्हणत नाही."

कुबात अके आपल्या खोलीत खिडकीपाशी बसले होते. त्यांनी डाव्या हाताने तिच्या वाटीत चहा ओतला, भाकरीचा तुकडा मोडून पुढे सरकवला. ऐन तारुण्यात उलाकच्या, घोड्यांवरून बकरा ओढायच्या खेळात पडल्यापासून उजवा हात खिशात ठेवायची त्यांना सवय लागली होती. ऑफिसात सगळे म्हणत, ऐट आहे म्हाताऱ्याची.

"अके, शनिवारी तुम्ही आला होतात?"

"थोडा वेळ. पत्रं पाहायला." त्यांनी बाहेरच्या बर्फाच्या शिखरांकडे पाहिलं. "तुला ते वर्ष आठवतं का? तोलोगोनने अशीच लाल रेघ काढली होती. म्हणाला, उद्या फुटेल, परवा फुटेल. मीच ताशबुलाकला जाऊन लोकांना उठवलं. पावसात, चिखलात. माझी आई यर्ट सोडायला तयार नव्हती. मी तिला मोटारीत घातलं. शहरात आली, ताप भरला, आणि पुन्हा उठली नाही."

"आणि सरोवर?"

"फुटलंच नाही." ते हळूच म्हणाले. "चहा पी. गार होतोय."

सिरगाने वाटी रिकामी केली. ती उठून सभागृहात गेली. तिथल्या संगणकावर तिने तोलोगोन अकेंच्या नावाने प्रवेश केला, म्हणजे सर्व्हरवरची बिघडलेली प्रत उघडली. तोच राखाडी कुत्रा. पण पडद्यावरचा बाण चिखलातून चालल्यासारखा सरकत होता. तिला वाटलं, इथला माऊस खराब आहे. तिने दुसरा माऊस आणून जोडला. तरी बाण तसाच, मरगळलेला.

"सरक जरा, मी बघतो," एर्मेक म्हणाला आणि त्याने डाव्या हाताने माऊस घेतला. दाबला. भलतीच यादी उघडली. पुन्हा दाबला, पुन्हा तेच. "अरे, हा उलटा का झाला? अकेंच्या माऊसची बटणं माझ्यासारखी उलटी असतात. तेही डावखुरे आहेत ना! मी म्हणून तर त्यांच्याच टेबलावर बसायला पळतो."

सिरगा खुर्चीतून ताडकन उठली.

ती स्वतः उजव्या हाताची. माऊस तिच्या हाताला इतका सरळ बसला होता की त्यात काही चुकतंय हे तिला जाणवलंच नव्हतं. ती तोलोगोन अकेंच्या खोलीत पळाली. वायर काढलेल्या त्या संगणकावर बटणं उलटी होती, आणि बाण चपळ, सशासारखा.

म्हणजे दोन गोष्टी बदलल्या होत्या. माऊसचा हात आणि बाणाचा वेग.

त्यातली दुसरी गोष्ट तिने एकदा स्वतःच्या हाताने केली होती, या कार्यालयातल्या एका माणसासाठी, दार लावून. आणि त्याला शब्द दिला होता की हे कोणाला कळणार नाही.

४

दुपारी सभागृहात सगळे जमले. मेजर ओरोझोवा मध्ये, त्यांच्या एका बाजूला संचालक, दुसऱ्या बाजूला कुबात. एर्मेक भिंतीला टेकून उभा. भिंतीवर शेजारी शेजारी दोन नकाशे.

"थोडक्यात सांग," मेजर म्हणाल्या. "कुठला खरा?"

"लांब रेघेचा. दुसरा कोणीतरी बदललाय. यंत्राने नाही, तोलोगोन अकेंनी नाही."

"कशावरून?"

"फिरतं प्रोफाइल फायलींबरोबर माणसाच्या सवयीही वाहून नेतं. या संगणकावर जो बसला त्याला डावखुऱ्याचा माऊस जमेना, म्हणून त्याने बटणं सरळ केली. उठताना उलटी करायला विसरला, कारण त्याच्या हाताला ती बरोबरच वाटत होती. माझी व्यवस्था इमानी आहे. तिने नकाशाबरोबर तेही सर्व्हरवर नेऊन ठेवलं. यंत्राची चूक असती तर फाइल फाटली असती, गायब झाली असती. माऊसचा हात बदलला नसता. आणि तोलोगोन अके जन्माचे डावखुरे. ते स्वतःचा माऊस उजवा कशाला करतील?"

संचालकांनी एर्मेककडे बोट केलं. "मग हा!"

"हाही डावखुरा आहे, साहेब. याला तो माऊस आयता मिळाला होता. त्याला हात लावायची गरजच नव्हती."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. एर्मेकने डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं.

"मग उरलं कोण?" मेजरनी विचारलं.

"ज्याला बाणाचा वेग अगदी कमी करावा लागला तो. नेहमीच्या वेगाने बाण त्याच्या हातात थरथरतो, नेम धरत नाही. त्याला बारीक रेघ काढायची होती, आणि ती त्याला उजव्या हातानेच जमते. वेग कमी कसा करायचा हे त्याला मी शिकवलंय. आणि शिकवताना त्याने मला आणखी एक विचारलं होतं, की माणूस उठून गेल्यावर यंत्रात मागे काही राहतं का, आणि ते कसं जातं."

"नाव सांग."

"सांगणार नाही."

"काय?" संचालक उसळले.

"मी शब्द दिलाय."

"हे पोलिसी काम आहे, पोरी!" मेजरचा आवाज चढला. "नाव न सांगण्याचा परिणाम तुला माहीत आहे?"

"माहीत आहे. सकाळपासून सगळे मला परिणामच सांगताहेत." सिरगा बसली नाही. "खोट्या कागदावर सही केली नाही, तशी दिलेली जबानही मोडणार नाही. त्या माणसाने लपवलं ते आजारपण होतं, त्यात गुन्हा नव्हता. गुन्हा त्याने नंतर केला. तो त्यानेच सांगावा. कुरण रिकामं करायला तुम्हाला नाव लागत नाही, मेजर. नकाशा लागतो, आणि तो समोर आहे."

मेजर पुन्हा दोन्ही नकाशांकडे वळल्या.

मग कुबात अकेंनी कोटाच्या खिशातून उजवा हात काढला आणि टेबलावर ठेवला. बोटं पाण्यातल्या गवतासारखी हलत होती. शेजारच्या वाटीवर लागून किणकिण आवाज होऊ लागला. त्यांनी तो थांबवण्याचा प्रयत्न केला नाही.

"पोरगी खरं बोलते आहे," ते म्हणाले. "मी केलं."

"का, अके?" एर्मेकने विचारलं.

"कारण ते फुटत नाही! तो रेघ काढतो आणि म्हाताऱ्या बायका चिखलात मरतात. माझी माणसं आहेत खाली. माझी! पुन्हा त्यांना उठवायला मी जाणार नव्हतो."

"तुमचा राग खरा आहे," सिरगा म्हणाली. "पण रेघ तुमची नव्हती, अके. आणि तुम्ही मला त्या खोलीत पाठवलंत. पुरावा माझ्या हाताने मारायला."

त्यांनी मान खाली घातली. 

मेजर ओरोझोवा उठल्या. "कुरण आजच रिकामं होईल."

५

झालं नाही.

संध्याकाळच्या आत मेजर परत आल्या, बुटांना चिखल, चेहरा लाल. "हलत नाहीत! म्हणतात, मागच्या वेळी फसलो. एका म्हातारीने माझ्यावर काठी उगारली. जबरदस्ती केली तर माणसं घोड्यावर बसून वर, सरोवराकडेच निघून जातील."

सिरगा कुबात अकेंच्या खोलीत गेली. दाराशी शिपाई बसवला होता. अके आपल्या वस्तू एका पिशवीत भरत होते.

"चला," ती म्हणाली.

"कुठे? तुरुंगात?"

"ताशबुलाकला. ते दुसऱ्या कोणाचं ऐकणार नाहीत."

"कोणत्या तोंडाने जाऊ? मागच्या वेळी मीच त्यांना फसवलं."

"त्याच तोंडाने. तुम्ही आईला गमावलंत हे त्यांना माहीत आहे. तरी तुम्ही पुन्हा सांगताय, हे त्यांना दिसू द्या."

"आणि पुन्हा नाही फुटलं तर?"

"तर मलाही शिव्या घालतील. मी येते ना बरोबर. तुम्ही आला नाहीत तर मी एकटी जाईन, काठी खाईन. पण जाणार."

 त्यांनी पिशवी खाली ठेवली.

कुरणावर यर्टमधून धूर निघत होता. काठी उगारणारी म्हातारी, दामिरा एजे, दारातच ठाण मांडून बसली होती. कुबात अके तिच्यासमोर ओल्या गवतात गुडघ्यांवर बसले.

"एजे, ऊठ."

"तू? तुझ्या आईला नेलंस, तेवढं पुरे नाही झालं?"

"नाही पुरलं. तुलाही नेतो. शिव्या दे, काठी मार, पण ऊठ. शहरात नको, त्या वरच्या टेकडीवर. शेकोटी मी पेटवतो, तुझ्याजवळ मी बसतो. नाही फुटलं तर माझ्या दाढीवर थुंक."

"थुंकेनच!"

"थुंक."

त्यांनी दोन्ही हातांनी तिला उचललं. उजवा हात थरथरत होता. म्हातारीने तो पाहिला, आपल्या सुरकुतलेल्या मुठीत घट्ट धरला आणि ओरडली, "अरे, बघत काय उभे राहिलात? मेंढ्या हाकला!"

दुसऱ्या दिवशी तोलोगोन अके घोडा दौडवत टेकडीवर येऊन पोहोचले. ते डावा हात हलवून मागे दाखवत होते. त्यांच्या मागोमाग दरीतून एक घोगरा आवाज आला, आणि मग तपकिरी पाणी, दगड आणि बर्फाचे सुळके. पूल काडीसारखा गेला. कुरण गेलं. यर्टच्या जागा गेल्या. पाणी नदीच्या वळणालाही न जुमानता पुढे निघून गेलं.

टेकडीवर कोणी रडलं नाही. दामिरा एजे मेंढ्यांना शिव्या देत होती. कुबात अके मेजरच्या गाडीकडे आपणहून चालत गेले. जाताना त्यांनी तोलोगोन अकेंच्या खांद्यावर हात ठेवला. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं नाही, पण तोलोगोन अकेंनी तो हात झटकला नाही.

सिरगाचा फोन वाजला. संचालक होते.

"सिरगा, ऐकलं मी. चांगलं झालं. पण ती फिरती भानगड आता काढून टाक बाई. आधीसारखं ज्याचं त्याच्या यंत्रात राहू दे. मला पुन्हा डोक्याला ताप नको."

खाली पाण्याचा गडगडाट चालूच होता. सिरगाने दुसऱ्या कानावर हात ठेवला आणि मोठ्याने म्हणाली, "काढणार नाही, साहेब. उलट उद्या सकाळी तुमचाही संगणक त्यात घेतेय. पासवर्ड शोधून ठेवा. आणि कुत्र्याचं नाव चालणार नाही."